हौसाबाईच्या ट्रंकेतली अकरा चित्रं

प्रिय वन्सं,

मागच्या सोमवारी मी माण तालुक्यात जाऊन आले. एकटी, एसटीने. गुडघे अजून ठणकतायत, पण गप्प बसवत नाही म्हणून हे कागद पुढ्यात घेतले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुम्हाला विचारायचे प्रश्न मला आता सुचतायत! आता मी ते कुणाला विचारू?

झालं असं, की दहिवडीच्या पुढच्या त्या वाडीतून एका बाईचा फोन आला. सांगलीत ‘पेंटरांचं घर’ विचारत विचारत तिनं आमच्या संजूचा नंबर मिळवला होता. म्हणाली, “मी सुरेखा. हौसाबाईची नातसून. आमी जुनं घर पाडून नवं बांधतुया. म्हातारीच्या ट्रंकेत तुमच्या मास्तरीनबाईंची चित्रं घावली. उंदरानं खायच्या आत कुणीतरी येऊन बघा की.”

संजू म्हणाला, “आई, आत्यानं तिथं एकच तसबीर केली होती ना? त्या जवानाची?” मलाही तेवढंच ठाऊक होतं. म्हणून तर गेले. आणि ट्रंकेत निघाली अकरा!

थांबा. पहिल्यापासून लिहिते. घडलेलं सगळं तुम्हाला माहीतच आहे. पण मला ते कसं दिसत होतं, हे तुम्हाला कुठं माहीत आहे?

मी कवठे महांकाळची, जोंधळ्याच्या रानात वाढलेली. आमच्या घरात रंग म्हणजे बैलांच्या शिंगांना बेंदराला लावायचा तेवढाच. सत्तर साली लग्न होऊन सांगलीला तुमच्या घरी आले, तर सोप्यात अख्खा राजवाडा पसरलेला! नाटक कंपनीचा पडदा होता तो. मामंजी लांब दांड्याचा ब्रश घेऊन त्याच्यावर उभ्यानं फिरत होते. मला काय कळतंय? माप ओलांडलं आणि नेमका ओल्या रंगावर पाय दिला. सगळं घर ओरडलं. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात आतून तुम्ही आलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, “अण्णा, महालाच्या पायरीवरच पाय दिलाय की तिनं. चुकलं कुठं?”

त्या दिवसापासून मला तुमची भीती अशी वाटलीच नाही. कुतूहल मात्र वाटायला लागलं, ते आजतागायत गेलं नाही.

काय घर होतं ते! आजेसासऱ्यांनी देवळांच्या भिंती रंगवलेल्या. मामंजींचे पडदे: महाल, जंगल, तुरुंग, रस्ता. ह्यांचे सिनेमाचे बोर्ड. आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांच्यात होतात आणि कुठंच नव्हतात. बोर्डावरच्या नट्यांचे डोळे तुमचे, पडद्यातल्या दूरच्या डोंगराची निळाई तुमची. खाली सही मात्र मामंजींची, नाहीतर ह्यांची. मी एकदा ह्यांना विचारलं, “वन्संचं नाव का नाही घालत?” हे म्हणाले, “तिला सातारची शाळा आहे की. तिला कशाला पायजे?” हे काय उत्तर झालं? पण तुम्ही ऐकत होतात आणि काही बोलला नाहीत. का बोलला नाहीत?

साताऱ्याला मुलींच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात. एकटीची खोली, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात चौकटी. बांगलादेशच्या लढाईनंतर तुमच्याकडं माणसं यायला लागली होती. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. हातात बोटाएवढा फोटो, रुमालात बांधलेला. “मोठा करून द्या बाई, भिंतीला लावायचाय.” तुम्ही तो फोटो भिंगाखाली धरायचात आणि तासन् तास बघत बसायचात. मी विचारायची, “एवढं काय बघता?” तुम्ही म्हणायचात, “ओळख करून घेते.”

दुष्काळाच्या साली, हे कोल्हापूरला कामाला होते तेव्हा, मी महिनाभर तुमच्याकडं येऊन राहिले. एका सकाळी दारात एक बाई उभी. काळीसावळी, काटक, पायात धूळ. पेन्शनच्या कचेरीत आली होती, तिथं कुणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं. तिनं काखेतली पिशवी सोडून एक फ्रेम काढली. आत फोटो होता, म्हणजे फोटोचा एक तुकडा. वाळवीनं सगळा खाल्लेला. उरला होता एक खांदा आणि खांद्यावरचा बिल्ला.

“माजा संपत,” ती म्हणाली. “येवड्यावरनं काडा.”

तुम्ही फ्रेम हातात घेतलीत, उलटीसुलटी केलीत. “चेहरा नाही हो यात. चेहऱ्याशिवाय कसं काढू?”

“चेहरा मी सांगती की,” हौसाबाई म्हणाली. जशी काय बाजाराची यादी सांगायची होती!

तुम्ही नाही म्हणालात. मला आठवतंय, दोनदा नाही म्हणालात. तिनं वाद घातला नाही. पायरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “कान त्येच्या मामाचं. हनवटी माजी. भुवया धाकट्या लेकीच्या. सगळी जिती हायती. तुमी येऊन बघा, आन् जोडा.”

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला जायचंच होतं, वन्सं. असं कसं काय जोडतात माणूस, ते मला बघायचं होतं.

रविवारी आपण दोघी एसटीने गेलो. दोन्ही बाजूंना नुसता करडा माळ आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया. त्यांच्यातूनच हौसाबाई उठून आली. हात पांढरे, पापण्या पांढऱ्या.

मामाला बोलावलं. तो बिचारा अंग चोरून बसला. “माजं कान काय बगताय बाई? बहिरा हाय मी.” आपल्याला हसू आवरेना. मग धाकटी लेक बसली. मग हौसाबाईची हनुवटी. तुम्ही कोळशानं भराभर कागद भरत होतात, हौसाबाई मागं उभी राहून सांगत होती, “रुंद करा. न्हाई, येवडं न्हाई.”

आणि मग डोळ्यांपाशी गाडी अडली.

“डोळे कुणाचे?” तुम्ही विचारलंत.

हौसाबाईनं मान हलवली. “डोळं कुणावानी न्हवतं त्येचं.”

मला वाटलं, झालं. आता परत जायचं. पण तुम्ही कोळसा खाली ठेवलात आणि तिला भलतंच काहीतरी विचारलंत. “जेवायला बसला की तो आधी कुठं बघायचा?”

असा प्रश्न कुठून सुचला हो तुम्हाला? मी मागाहून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “सुचला.” एवढंच.

हौसाबाई चुलीकडं बघत म्हणाली, “माज्या ताटाकडं. माज्या ताटात भाकरी हाय का न्हाई, ते बगायचा आदी. मग आपली मोडायचा.”

तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत. कागद गुंडाळलेत आणि आपण निघालो.

तीन आठवडे तुम्ही त्या तसबिरीवर होतात. शाळेतून आलात की व्हरांडा. मी चहा ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. सगळ्या जवानांच्या तसबिरी समोर बघणाऱ्या असतात, छाती काढून. ह्या पोराची नजर तुम्ही किंचित खाली उतरवलीत. अंगावर वर्दी, खांद्यावर तो बिल्ला, आणि डोळे समोरच्याच्या हाताकडं. मला ते विचित्र वाटलं होतं. म्हटलं, आता ही बाई रागावणार.

जुन्या लुगड्यात गुंडाळून आपण ती तसबीर घेऊन गेलो. हौसाबाईनं आधी हात धुतले, तोंड धुतलं, पदर सारखा केला. मग समोर आली. केवढा वेळ बघत राहिली! तुमची बोटं एकमेकांत अडकलेली मला दिसत होती.

“नाक चुकलंय,” ती म्हणाली. “जरा बसकं व्हतं त्येचं.”

तुमचा चेहरा उतरला.

मग ती भिंतीला टेकून खाली बसली. “पर हाय त्योच,” म्हणाली. “बगा की. बगतोयच अजून.”

मी उठून गोठ्याकडं गेले. तिथं एक शेळी होती, तिला उगीच कुरवाळत बसले.

त्यानंतर तुमच्याकडं माणसांची रीघ लागली. साताऱ्यातून, कोरेगावातून, खटावातून. ‘फोटो नसला तरी काढून देणाऱ्या बाई’ असं तुमचं नाव झालं. सांगलीत मामंजींना ते मुळीच आवडलं नाही. ते म्हणायचे, “तसबीर म्हणजे जशाला तसं. अंदाजानं पडदा रंगवावा, माणूस नाही.” तुम्ही ऐकून घ्यायचात. पण खरं सांगा, तुम्हालाही आतून तसंच वाटत होतं का? त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या तुम्ही. नाक चुकलंय, हे तुमच्या डोक्यातून गेलं होतं का?

दोन वर्षांनी संपतच्या पलटणीतला एक मित्र त्यांच्या घरी आला आणि घोळक्याचा फोटो देऊन गेला. तुम्हाला कळलं तशा तुम्ही रंगांची पेटी घेऊन धावलात. परत आलात त्या थेट सांगलीला, जेवणाच्या वेळी. मी वाढत होते. मामंजींनी विचारलं, “काय झालं गं शालू?”

तुम्ही म्हणालात, “कान तेवढे बरोबर आहेत. बाकी सगळं चुकलंय. कपाळ रुंद आहे, डोळे हसरे आहेत, सरळ समोर बघतोय. मी दुरुस्त करते म्हटलं, तिनं हात लावू दिला नाही.”

मामंजी म्हणाले, “सांगत होतो मी.”

तेवढेच तीन शब्द. तुम्ही पानावरून उठला नाहीत, रडला नाहीत, मीठ मागून घेतलंत. पण त्यानंतर तुम्ही एकही तसबीर केली नाहीत. आलेले फोटो ज्याचे त्याला परत केलेत. शाळा, मुलींचे फळाफुलांचे कागद, आणि सुट्टीत आमच्या बोर्डांवरचे डोळे. आम्ही सगळे धरून चाललो, की शालूवन्सं खचल्या. हे म्हणायचे, “तिच्या मनाला लागलं. सोडलं तिनं.” मीही तेच मानत आले, पन्नास वर्षं! लाज वाटते आता.

आणि दर दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चार दिवस नाहीशा व्हायचात. “पुण्याला शिक्षकांचं शिबिर आहे,” म्हणायचात. भाऊबीजेला परत हजर. मी एकदा म्हटलं, “एवढ्या शिबिरांना जाऊन एक कागद कसा आणत नाही हो दाखवायला?” तुम्ही म्हणालात, “सुमन, चकली जळतेय.” खरंच जळत होती, म्हणून सुटलात.

तर वन्सं, सोमवारी सुरेखानं ट्रंक उघडली. वर नऊवारी लुगडं, खाली पेन्शनचे कागद, आणि त्यांच्या खाली वर्तमानपत्रात बांधलेली तुमची अकरा चित्रं.

अकराही हौसाबाईची. शेंगा तोडताना. जात्यापाशी. मेंढराच्या पायातला काटा काढताना. उन्हाकडं पाठ करून नुसतीच बसलेली. एकात तर ती तुमच्यावर ओरडतेय, तोंड वासून, हात वर करून! वर्षावर्षानं केस पांढरे होत गेलेले, दात कमी झालेले, पाठ वाकत गेलेली. असं काम मी आपल्या घरात कधी बघितलं नव्हतं. मला कळत नाही यातलं काही, पण पन्नास वर्षं रंगाच्या वासात काढलीत, एवढं तर समजतं. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सही. शालिनी. चांगली मोठी, ठसठशीत, खाली साल. माझं बोट त्या सहीवरून फिरत राहिलं. इथं सही करायला तुम्हाला कुणी सांगितलं? की इथं कुणी अडवणारं नव्हतं, एवढंच कारण?

सुरेखा लग्न होऊन आली तेव्हा हौसाबाई हयात होती. तिनं तुम्हाला दोन दिवाळ्यांना बघितलं होतं. बाकीचं तिला म्हातारीनंच सांगितलेलं. तो घोळक्याचा फोटो आल्यावर तुम्ही धावत गेलात, त्या दिवशी तुमचं दोघींचं जोरदार वाजलं म्हणे! तुम्ही पेटी उघडून बसलात आणि म्हणालात, “चूक ती चूक. ती तशीच भिंतीवर राहिली तर माझ्या कामाला बट्टा लागतो.” आणि ती तसबिरीपुढं आडवी उभी राहिली. म्हणाली, “चूक तुजी आसंल. पोरगा माजा हाय.”

हे तुम्ही सांगलीत सांगितलं नाहीत. का? मामंजींसमोर एवढं एक वाक्य सांगितलं असतंत, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती की!

त्या भांडणानंतर तिनं तुम्हाला जेवायला घातलं. जेवताना तुम्ही म्हणालात, “हौसाबाई, मेलेल्यांचे चेहरे काढून मी दमले. तुम्ही चालत्याबोलत्या समोर आहात. तुम्हाला काढू दे.”

ती म्हणाली, “माजं काय काडतीस? सुरकुत्या?”

“त्याच,” तुम्ही म्हणालात.

सुरेखा हे सांगताना हसत होती, आणि मी पुन्हा पहिलं चित्र हातात घेतलं. म्हणजे तुम्ही खचला नव्हतात. सोडलंही नव्हतंत. तुम्हाला जे करायचं होतं ते सापडलं होतं, आणि ते करायला तुम्ही दर वर्षी माळ तुडवत जात होतात. आणि इकडं आम्ही तुमच्याकडं बघून चुकचुकत होतो!

राग आला मला. खोटं का बोलू? तिला सांगितलंत आणि मला नाही? मी काय तुमच्या बापाला जाऊन सांगणार होते?

परतताना मला त्या रागाचं उत्तर मिळालं, आणि ते काही सुखाचं नव्हतं. त्याच सुमाराची, त्या भांडणाच्या जरा आधीची एक दुपार आठवली. तुम्ही सांगलीला आला होतात. मी परातीत पीठ मळत होते. तुम्ही कागद घेऊन दारात बसलात आणि म्हणालात, “सुमन, तुझं काम चालू ठेव. मी तुला काढते.” आणि मी? मी पदरानं तोंड झाकलं आणि म्हणाले, “इश्श! मला कशाला? मेल्यावर काढा की.”

थट्टा केली होती हो मी. तुम्ही कागद दुमडलात आणि आत गेलात. मग मला पुन्हा कधी विचारलं नाहीत. तुम्हाला नेमकं ते वाक्य किती लागलं असेल, ते मला एवढ्या वर्षांनी, दहिवडीच्या स्टँडवर कळलं. तुम्ही माझ्याकडं येऊन बघितलं होतंत, वन्सं. मीच दार लावलं. म्हणून तुम्ही पुढं गेलात.

आता सगळ्यात शेवटचा प्रश्न. अकरावं चित्र अर्धंच का? त्यात हौसाबाईचे गुडघे आहेत, गुडघ्यांवर हात आहेत, इतके नीट की शिरा मोजाव्यात. वर खांद्यापर्यंत एक रेघ गेलीय आणि मग नुसता कागद. तोंडच नाही. तरीही खाली सही केलीय.

सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, “त्या दिवशी मी घरातच व्हते. मास्तरीनबाई काडत व्हत्या, आजी काय तरी बोलली, त्यांनी पेन्सील खाली ठिवली, आन् दोगी बोलतच बसल्या. दिवस मावळस्तोवर. मी चा घिऊन गेले तर गप झाल्या. फुडल्या दिवाळीला आजी न्हवती.”

काय बोलत होतात एवढं? कुणाबद्दल? तुम्ही लग्न का केलं नाहीत, हे आम्ही कुणी कधी विचारायला धजलो नाही. ते तिला सांगितलंत का? का नुसतंच पावसापाण्याचं, शेळ्यामेंढरांचं? मला कळेल असं वाटत नाही. पण चित्र थांबवून तुम्ही कुणाशी तरी दिवसभर बोलत बसलात, हेच मला केवढं नवं आहे! मला माहीत असलेल्या शालूवन्सं चहा गार झाला तरी हात थांबवत नसत.

सुरेखा म्हणाली, “आज्जी, घिऊन जा समदी. तुमच्याच माणसाची हायती.” मी घेतली नाहीत. चित्रात त्यांची म्हातारी आहे, ती त्यांच्याच घरात हवी. फोनमध्ये फोटो मात्र काढून आणले.

काल संजूनं ते मोठे करकरून बघितले. तुमचा भाचा आता चांगला नावाजलेला आहे, हात मामंजींचा आहे त्याचा. मग म्हणाला, “आई, आत्या आपल्या घरात सगळ्यात पुढं होती गं.” भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बघत म्हणाला. मग म्हणाला, “ते शेवटचं मी पुरं करून देतो. बाकीच्या दहा चित्रांवरून म्हातारीचा चेहरा बसवता येईल मला.”

त्याला येईलही. पण मी नको म्हटलं.

नव्या घराची वास्तुशांत पौषानंतर आहे. मला आमंत्रण आहे आणि मी जाणार. संजूला घेऊन जाईन, अकरा चौकटी करून घेऊन जाईन, काचेसकट. एकेक चित्र माझ्या डोळ्यांदेखत भिंतीला लागेल, आणि त्या बिनचेहऱ्याच्या चित्रालाही बाकीच्यांसारखीच चौकट असेल. कुणी कितीही म्हणो, त्यावर दुसऱ्या कुणाची रेघ पडणार नाही. तुम्ही बोलायला थांबलात, तिथंच ते थांबेल. हा माझा शब्द.

तुमची भावजय,
सुमन
सांगली